लसीमुळे इजा झाल्यास भरपाई : अमेरिकेतील कायदा आणि त्याची मुदत

लसीकरणामुळे घटसर्प, गोवर, पोलिओ यांसारख्या रोगांना आळा बसला, याविषयी दुमत नाही. तथापि क्वचित एखाद्यास लसीमुळे गंभीर इजा होते. सर्वांच्या हितासाठी घेतलेल्या लसीचा भार एकाच कुटुंबाने का सोसावा? या प्रश्नाला अमेरिकेने १९८६ साली कायद्याने उत्तर दिले. ज्यांची मुले-नातवंडे तेथे राहतात, त्यांच्यासाठी या कायद्याची माहिती आम्ही देत आहोत.

१ ऑक्टोबर १९८८ पासून अमलात आलेल्या या योजनेत लस बनविणाऱ्याचा दोष सिद्ध करावा लागत नाही. लस जितके रोग टाळते, त्या प्रत्येक रोगामागे दर मात्रेस ७५ सेंट कर आकारला जातो आणि त्या निधीतून भरपाई दिली जाते. अर्ज वॉशिंग्टन येथील संघीय दावे न्यायालयात करावयाचा असतो. कायद्याच्या तक्त्यात नमूद केलेली इजा ठरावीक काळात झाली असेल, तर अन्य कारण सिद्ध न झाल्यास लस हेच कारण मानले जाते. अन्यथा वैद्यकीय पुराव्याने संबंध दाखवावा लागतो. अर्जदार अमेरिकेचा नागरिक असण्याची अट नाही.

मुदतीबाबत मात्र सावध राहावे. इजेचा अर्ज पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. निदान पुढे केव्हा झाले, हे पाहिले जात नाही. एका महिला डॉक्टरांना १९९७ साली लक्षणे जाणवली, आजाराचे निदान २००३ साली झाले व त्यांनी २००५ साली अर्ज केला. २०११ साली वरिष्ठ न्यायालयाने तो मुदतबाह्य ठरविला. दाव्यात तथ्य होते की नाही, हा प्रश्न विचारातही घेतला गेला नाही.

म्हणून लसीची तारीख, मात्रेचा गट क्रमांक, पहिले लक्षण दिसल्याचा दिवस आणि रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत. निदानाची वाट पाहत न थांबता वकिलाचा सल्ला घ्यावा. प्रामाणिक हेतूने व वाजवी आधारावर अर्ज केलेला असल्यास, तो फेटाळला गेला तरी वकिलाचे शुल्क योजनेतून मिळू शकते. त्यामुळे खर्चाच्या भीतीने कोणीही आपला हक्क गमावू नये, असे आम्हांस वाटते.