माहेरची बाजूही सांगा

(लेखमाला ‘पेशीच्या आत’, भाग ९)

पेशीच्या दोन होताना तिच्यातला सगळा डीएनए नव्याने उतरवून काढावा लागतो, हे मागच्या आठवड्यात पाहिले. एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे. उतरवणारे विकर बहुतेक चुका जागच्या जागी खोडते, तरी काही निसटतातच. ‘ए’समोर ‘टी’ हवा तिथे ‘सी’ बसतो. त्या शोधायला मागून चार प्रथिने येतात : एमएसएच-२, एमएसएच-६, एमएलएच-१ आणि पीएमएस-२. पहिली दोन चूक ओळखतात. उरलेली दोन नव्या धाग्याचा चुकीचा तुकडा कापून काढायची व्यवस्था करतात आणि तेवढा भाग पुन्हा भरला जातो. जिवाणूंमध्ये ही दुरुस्ती पायरीपायरीने उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

यांतले एखादे प्रथिन नसले की चुका शेकडो पटींनी वाढतात. एकच अक्षर सलग येते तिथे तर फारच. एकसारखे मणी ओढताना मोजणी चुकावी तसे एखादे अक्षर गळते किंवा जास्तीचे पडते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशीला ‘वाढ थांबव’ हा निरोप घेणारे एक प्रथिन असते. त्याच्या जनुकात दहा ‘ए’ ओळीने येतात. त्यातला एक गळला की पुढची सगळी अक्षरे तीन-तीनच्या गटांतून सरकतात, प्रथिन अर्धवट राहते आणि थांबायचा निरोप पेशीला मिळतच नाही.

या चारपैकी एका जनुकाची सदोष प्रत जन्मतःच मिळाली, तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. दुसरी प्रत चांगली असेपर्यंत काम चालते. आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या अस्तरातल्या एखाद्या पेशीत तीही बिघडली की चुकांचा ढीग साचू लागतो. म्हणून या घरांत कर्करोग साठीची वाट पाहत नाही, चाळिशीतच गाठतो. एमएलएच-१ किंवा एमएसएच-२ सदोष असेल तर आयुष्यभरात आतड्याचा कर्करोग होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. पीएमएस-२मध्ये ती बरीच कमी असते.

अशा घराची गोष्ट पहिल्यांदा बोलून दाखवली ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १८९५ साली तिने डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले की आमच्या घरात पोटाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगानेच माणसे जातात, मीही तशीच जाणार. ती गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली. वॉर्थिन यांनी तिचे कूळ १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्या घराण्यातला दोष पुढे एमएसएच-२मध्ये सापडला.

ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे असे कूळ सापडायचे तर अडचण वेगळीच आहे. आपली वंशावळ बाप, आजा, पणजा अशी चढते; लेकी लग्न होऊन गेल्या की त्यांची फांदी तिथेच संपते. जनुकाला आडनाव कळत नाही. दोष आईकडून येतो तितकाच बापाकडून, आणि प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी. मामा आतड्याने गेला, मावशीची ‘पिशवी काढली’, पण भाच्याच्या केसपेपरवर ‘घरात कोणाला?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले जाते, कारण त्याने चुलत्यांचाच विचार केलेला असतो.

त्यात खुणाही झाकल्या जातात. शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध म्हणून झाडपाला सुरू होतो. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले तर बाई कोणाला सांगतच नाही. मला या दुसऱ्या गप्प बसण्याची जास्त काळजी वाटते. लिंचच्या घरांतल्या बायकांत कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदा गर्भाशयातच दिसते, आणि ती वेळेवर कळली तर त्या बाईबरोबर तिची भावंडे-मुलेही सावध होतात.

तपासणीची सुरुवात गाठीपासून होते. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, जपलेला असतो. त्याच्या पातळ चकत्यांवर चारही प्रथिनांसाठी रंग चढवतात. प्रथिन असेल तर पेशीचे केंद्रक तपकिरी होते. नसेल तर गाठीच्या पेशी निळसर राहतात आणि शेजारच्या निरोगी पेशी मात्र तपकिरी. आतड्याच्या साधारण १५ टक्के गाठींत असा दोष दिसतो, पण त्यातल्या बहुतेक वारशाच्या नसतात. उतारवयात एमएलएच-१ आपसूक बंद पडलेले असते. म्हणून पुढे रक्ताची जनुकतपासणी लागते. मुरबाडकर एसटीने कल्याण गाठतात, शहापूरकर आसनगावला लोकल धरतात, आणि मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जाताना फाइल नेतात. बायोप्सी बाहेर झाली असेल तर ब्लॉकही मागून घ्यावा.

घरातला दोष एकदा नेमका कळला की नातेवाइकांची तपासणी सोपी होते. ज्याच्यात तो उतरला नाही त्याचा धोका चारचौघांइतकाच. ज्याच्यात उतरला त्याने, एमएलएच-१ किंवा एमएसएच-२ असेल तर, विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडे तपासून घ्यायचे. कर्करोग होण्याआधीचे कोंभ तिथल्या तिथे काढता येतात.

या गाठींत चुका इतक्या असतात की शरीराच्या रक्षक पेशींना त्या परक्या वाटतात. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधल्या चाचणीत गुदाशयाच्या अशा कर्करोगावर डोस्टार्लिमॅब हे औषध दिले, तेव्हा उपचार पूर्ण केलेल्या पहिल्या बाराही रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेवाचून दिसेनाशी झाली. रक्षक पेशींचा लगाम हे औषध कसा सोडते आणि खर्चाचे काय, ते पुढच्या आठवड्यात.