सेल उतरतो तेव्हा आत काय घडते?

पवनी तालुक्यातल्या कोंढ्याकडे रात्री धानाच्या बांधीतले पाणी पाहायला निघायचे, तर हाती टॉर्च हवा. त्यात घालायच्या साध्या सेलाचे भंडारा जिल्ह्याशी जवळचे नाते आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्गला मॉइल कंपनीची मँगेनीजची उघडी खाण आहे. तिथला काळा मँगेनीज डायऑक्साइड कोरडे सेल बनवणाऱ्या उद्योगाला पुरवला जातो. या सेलाचा मूळ ओला अवतार फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये तयार केला.

सेलाचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते. ते ऋण टोक. मधोमध कार्बनची कांडी. तिची टोपी म्हणजे धन टोक. कांडीभोवती मँगेनीज डायऑक्साइड आणि कार्बनची काळी पूड दाबून भरतात. पूड आणि जस्त यांच्यामध्ये नवसागर किंवा झिंक क्लोराइडचा ओलसर थर असतो.

बटण दाबले की परिपथ पूर्ण होतो. जस्ताचा अणू विरघळताना दोन इलेक्ट्रॉन मागे सोडतो. ते तारेतून, दिव्यातून फिरून कार्बनच्या कांडीपर्यंत येतात आणि मँगेनीज डायऑक्साइड त्यांना सामावून घेतो. म्हणजे सेलात वीज भरून ठेवलेली नसते. रासायनिक क्रिया चालू असते तोवर ती तयार होत राहते. वापरासोबत जस्ताचे भांडे झिजते. म्हणूनच जुना सेल टॉर्चमध्ये विसरला तर पाझरतो.

जाड सेल असो वा पेन्सिल सेल, दोन्हींवर १.५ व्होल्टच लिहिलेले असते. विभवांतर ठरते ते आतल्या पदार्थांवरून, आकारावरून नाही. जाड सेलात माल जास्त, म्हणून तो जास्त काळ टिकतो.

आता उतरलेल्या सेलाकडे वळू. तो नुसता मल्टिमीटरला लावला तर अनेकदा १.४ व्होल्ट दाखवतो, पण टॉर्चमध्ये घातला की दिवा मिणमिणतो. असे का? सेलाला स्वतःचाही रोध असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात आणि सेल वापरला जाईल तसा तो वाढतो.

समजा, दिव्याचा रोध ४.५ ओहम आहे. नव्या सेलाचा अंतर्गत रोध ०.५ ओहम धरला, तर एकूण ५ ओहम. १.५ भागिले ५, म्हणजे ०.३ अँपिअर धारा. दिव्याच्या वाट्याला १.३५ व्होल्ट येतात. जुन्या सेलाचा अंतर्गत रोध ५.५ ओहम झाला, तर एकूण १० ओहम. १.४ भागिले १०, म्हणजे ०.१४ अँपिअर. दिव्याला जेमतेम ०.६३ व्होल्ट मिळतात. उरलेले सेलाच्या आतच खर्ची पडतात. नुसत्या सेलाला मल्टिमीटर लावला तर जवळपास धाराच वाहत नाही, त्यामुळे ही घट दिसत नाही. सेल उन्हात ठेवल्यावर थोडा वेळ उजेड वाढतो, कारण उबेने आतल्या क्रियेला वेग येतो आणि रोध घटतो. संपलेले जस्त मात्र परत येत नाही.

धारा डोळ्यांना दिसत नाही. ती चुंबकामुळे कळते. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवले की धारा वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सूची वळते. शाळेतला काट्याचा अँपिअरमापी याच नात्यावर चालतो: चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तारेची गुंडाळी असते, धारा जितकी जास्त, तितका काटा अधिक सरकतो.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. सेल आणि दिवा जोडा. तार उत्तर-दक्षिण ठेवून होकायंत्रावरून न्या आणि सूची किती अंश वळते ते लिहा. दिवा पेटलेला असतानाच व्होल्टमापी सेलाच्या दोन टोकांना लावा. अँपिअरमापी मात्र दिव्यासोबत एकसरीत जोडावा. तो थेट सेलाला लावला तर मोठी धारा वाहून यंत्र बिघडू शकते. मग जुना सेल घालून तिन्ही नोंदी पुन्हा घ्या.

आकड्याशेजारी तो कोणत्या स्थितीत मोजला हेही वहीत लिहायला हवे. ‘१.४ व्होल्ट’ एवढेच लिहिले तर सेल चांगला वाटेल. ‘दिवा चालू असताना ०.६३ व्होल्ट’ असे लिहिले तर तो बदलायला हवा हे लगेच समजेल.