काचेतलं तळं – भाग 6 : दगड गोमाईचा, झाड कशाचं?

मागच्या भागात टाकीत पाणी भरलं, फिल्टर सुरू केला. आता आत काय मांडायचं? खरं काय, खोटं काय हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा : पाण्यात गेल्यावर तू काय सोडतेस?

नंदुरबारकरांना दगड विकत घ्यायची गरज नाही. सातपुड्यातून येणारी गोमाई प्रकाशाजवळ तापीला मिळते. तिच्या पात्रातले काळे गुळगुळीत गोटे बहुतेक बेसाल्टचे. ते पाण्यात विरघळत नाहीत. पण काही गोट्यांत पांढरे ठिपके किंवा रेघा दिसतात. ती गारगोटी असू शकते, तसाच कॅल्साइट म्हणजे चुन्याचा खडाही असू शकतो. पांढऱ्या भागावर खिळ्याने ओरखडा काढा, निघालेल्या भुकटीवर लिंबाचे दोन थेंब पिळा. बारीक बुडबुडे फसफसले तर तो दगड कुंडीत ठेवा, टाकीत नको. डुमसच्या किनाऱ्यावरून हौसेने आणलेले शिंपलेही याच जातीचे. चुन्यामुळे पाणी जड होतं, पीएच वाढतो आणि माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया जास्त विषारी ठरतो. बोअरचं पाणी आधीच जड असेल, पातेल्याला पांढरा थर धरत असेल, तर त्यात ही भर कशाला?

पुरात वाहून आलेलं लाकूड सुंदर दिसतं. ओलं, मऊ किंवा कुबट वासाचं लाकूड घेऊ नका. ते टाकीत कुजतं. कडक, वाळलेलं लाकूड घासून तास-दोन तास उकळा, मग बादलीत बुडवून रोज पाणी बदला. पाणी कोऱ्या चहासारखं होईल. तो लाकडातला टॅनिन. माशांना त्याचा त्रास नाही, पण काच तांबूस दिसते. लाकूड आपोआप तळाशी बसलं की ते तयार झालं.

जिवंत वनस्पती अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेतात, हा त्यांचा मोठा गुण. मात्र मिरची-कापसाच्या शेताकडेच्या नाल्यातून उपटून आणू नका. फवारणीचं औषध सोबत येतं. शिवाय रात्री वनस्पतीही ऑक्सिजन घेतात. दाट झाडं, भरपूर मासे आणि त्यात रात्रभर लाइट गेली, हवेचा पंप बंद पडला, तर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडताना दिसतात.

प्लास्टिकचं झाड कुजत नाही, उजेड मागत नाही. गोल्डफिश असेल तर तेच बरं, कारण तो कोवळी पानं फस्त करतो. पण प्लास्टिक पाणी शुद्ध करत नाही; पाणी बदलायचं काम तुमच्याच अंगावर राहतं. बेट्टा माशाचे पर म्हणजे झुळझुळीत ओढणी. म्हणून जुनी पातळ ओढणी त्या झाडावरून फिरवा. धागा अडकला तर परही फाटेल. रंगीत किल्ला किंवा पाणबुड्या पांढऱ्या वाडग्यात आठवडाभर भिजत ठेवा. पाण्याला रंग आला, पापुद्रे सुटले, तर तो शोकेसमध्येच शोभतो.

माझी मांडणी विचाराल तर तळाशी गोमाईचे गोटे, मागे एक लाकूड. बेट्टा असेल तर जिवंत झाडं, गोल्डफिश असेल तर प्लास्टिकची.

पुढच्या भागात : काचेवरचं हिरवं शेवाळ.