स्पीकर मुका झाला तर?

मैत्रिणींनो, मिक्सर बंद पडला की आपण काय करतो? आधी बटण पाहतो, मग प्लग हलवून बघतो, मग दुसऱ्या पॉइंटवर लावून पाहतो. दुरुस्तीवाल्याची आठवण त्यानंतर. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर चार इंग्रजी शब्द उमटले, की एरवी घरातल्या सगळ्या वस्तू लीलया हाताळणाऱ्या आपण मागे सरतो. मुलांचा ऑनलाइन वर्ग खोळंबतो, आणि माणूस बोलावला तर नुसत्या येण्याचेही पैसे मोजावे लागतात.

आज अशा एकाच संदेशाकडे पाहू. विंडोज ७ किंवा १० असलेल्या कॉम्प्युटरवर घड्याळाशेजारी स्पीकरचं छोटं चित्र असतं. त्यावर लाल फुली येते आणि शब्द दिसतात, 'नो स्पीकर्स ऑर हेडफोन्स आर प्लग्ड इन'. म्हणजे स्पीकर किंवा हेडफोन जोडलेला नाही. (विंडोज ११ मध्ये शब्द थोडे निराळे असू शकतात.) आपण म्हणतो, "अगं बाई, स्पीकर तर समोर आहे, त्याचा दिवाही लागलाय!"

इथेच खरी गोम आहे. कॉम्प्युटरला स्पीकर दिसत नाही, त्याला फक्त पिन कळते. ज्या भोकात आपण ३.५ मिलिमीटरची बारीक पिन घालतो, त्याच्या आत सहसा एक इवलासा स्विच असतो. पिन पुरती आत गेली की तो दाबला जातो आणि कॉम्प्युटरला कळतं, काहीतरी जोडलं आहे. पलीकडचा स्पीकर चालू आहे की बंद, हे त्याला ठाऊक नसतं. तेव्हा लाल फुली असेल तर आधी पिन आणि भोक तपासा. फुली नाही आणि तरी आवाज नाही, तर स्पीकरचं बटण, त्याचा आवाज आणि कॉम्प्युटरवरचा आवाज पाहा. एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं.

आता क्रमाने करू या.

पहिलं म्हणजे वायरी मोजा. बऱ्याच लहान स्पीकरना दोन वायरी असतात. चपटी यूएसबीची वायर नुसती वीज आणते, गोल पिनेची आवाज आणते. आमच्या शेजारच्या वहिनींनी साफसफाई करताना दोन्ही काढल्या आणि चपटी तेवढी परत लावली. दिवा लागला, आवाज मात्र नाही! दोन दिवस घरात त्याचीच चर्चा.

दुसरं, रंग पाहा. मोठ्या कॉम्प्युटरच्या मागे बहुधा तीन भोकं असतात. पोपटी हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. पिन हिरव्यात घाला आणि 'टक्' होईपर्यंत दाबा. पुढच्या भोकात लावून फुली जात नसेल तर मागच्यात लावून पाहा.

तिसरं, अदलाबदल. बल्ब गेला की होल्डर, हे आपण कसं ओळखतो? दुसरा बल्ब लावून. तसंच इथे मोबाइलचा इअरफोन कॉम्प्युटरला लावा. तो वाजला तर भोक ठीक आहे, दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. तो लावूनही फुली राहिली तर दोष कॉम्प्युटरकडे.

चौथं, कॉम्प्युटर 'रिस्टार्ट' करा. नुसतं 'शट डाउन' नको बरं का! विंडोज ८ पासून लवकर सुरू होण्याची जी सोय आली, तिच्यामुळे शट डाउन केल्यावर सगळं नव्याने सुरू होतंच असं नाही. रिस्टार्टने होतं.

संदेश 'नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड' असा असेल, तर गोष्ट वेगळी. पिन नव्हे, आवाजाचा भागच कॉम्प्युटरला सापडत नाही. 'स्टार्ट'वर माऊसचं उजवं बटण दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' खाली आवाजाच्या नावावर पुन्हा उजवं बटण दाबा, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' म्हणा आणि रिस्टार्ट करा. ड्रायव्हर पुसण्याविषयी चौकट आली तर तिच्यात खूण करू नका. बहुतेक वेळा विंडोज तो भाग आपणहून परत बसवतं. तिथे काही नावच नसेल, तर मात्र जाणकाराला बोलवा.

शेवटी एक इशारा. उपाय शोधताना कधीकधी पडद्यावर मोठी लाल पाटी येते, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा.' मुळीच करू नका! मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. अनोळखी माणसाच्या हाती कॉम्प्युटर देऊ नका, ओटीपी तर नाहीच नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करा.

आणि एवढं करूनही माणूस बोलवावाच लागला, तर "आवाज येत नाही" एवढंच सांगू नका. "फुली आहे, इअरफोन लावूनही जात नाही, रिस्टार्ट करून झालं" असं सांगा. ज्या बाईने आधीच इतकं तपासलं आहे, तिला नको त्या दुरुस्तीचं बिल सहसा कोणी देत नाही.