एक्स्प्लेनर : मेटल बँडचा पहिला अल्बम निघतो कसा? रेकॉर्डिंग सोपं झालं, मग घोडं अडतं कुठे?

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातली म्हसा यात्रा भरली की तमाशाचे फड आणि पाळण्यांचे भोंगे एकदमच वाजत असतात. पण या गोंगाटाला सरावलेल्या कानांनाही एक्स्ट्रीम मेटल पहिल्यांदा ऐकताना प्रश्न पडतो, हे गाणं की भांडण? याच संगीतातून मुंबईचा एक बँड जर्मनीच्या प्रसिद्ध महोत्सवापर्यंत पोहोचला. सुरुवात झाली ती एका पहिल्या अल्बमपासून.

एक्स्ट्रीम मेटल म्हणजे काय?

1970 मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधल्या ‘ब्लॅक सबाथ’चा पहिला अल्बम आला. हेवी मेटलची सुरुवात साधारण तिथूनच मानतात. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं तुटली. बोटांवर टोप्या चढवून आणि हलक्या तारा लावून तो वाजवू लागला. मुरबाड एमआयडीसीत पाळी करणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

1980 च्या दशकात हेच संगीत आणखी वेगवान आणि कर्कश झालं. त्यातून थ्रॅश, डेथ आणि ब्लॅक मेटल हे प्रकार आले. ड्रमर दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतो. गायकाची गुरगुर म्हणजे नुसतं ओरडणं नाही. स्वररज्जूंच्या वरचे पडदे थरथरवून, श्वासावर ताबा ठेवून तो आवाज काढतात. चुकीच्या पद्धतीने केलं तर घसा बसतो.

आपल्याकडचं उदाहरण कोणतं?

साहिल मखीजा यांचा मुंबईतला ‘डेमॉनिक रिझरेक्शन’. बँड 2000 मध्ये सुरू झाला आणि ‘डेमनस्टीलर’ हा पहिला अल्बमही त्याच वर्षी आला. दुसरा अल्बम 2005 मध्ये आला. 2010 मध्ये ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला आणि 2014 मध्ये बँड जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजला. 2017 च्या ‘दशावतार’ अल्बममध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाणी आहेत. म्हणजे आवाज अनोळखी असला, तरी गोष्ट घरातलीच.

मुंबईच्याच ‘गटस्लिट’चा पहिला अल्बम 2013 मध्ये आला. त्यांनीही पुढे युरोपचे दौरे केले.

पहिला अल्बम एवढा महत्त्वाचा का?

तो बँडचा बायोडेटा असतो. महोत्सवाचे आयोजक आणि रेकॉर्ड कंपन्या आधी तोच ऐकतात.

आज अल्बम काढायला काय लागतं?

लॅपटॉप, गिटार जोडायला ऑडिओ इंटरफेस आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. ड्रम सेट नसेल तर ड्रम सॉफ्टवेअरमध्ये बसवता येतात. त्यानंतर मिक्सिंग आणि मास्टरिंग. मग डिजिटल वितरकामार्फत गाणी स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिकवर जातात. हे म्हशातल्या एखाद्या खोलीतही होऊ शकतं.

मग घोडं अडतं कुठे?

पहिली अडचण पैशांची. 2024 पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं 12 महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. नव्या बँडला हा आकडाही जड जातो.

दुसरी अडचण जागेची. मुंबईतलं रंगभवन हे रॉक चाहत्यांचं हक्काचं खुलं नाट्यगृह होतं. 1986 पासूनच्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ची ओळख तिथेच घडली. शेजारी रुग्णालय आणि कॉलेज असल्याने तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि तिथले कार्यक्रम थांबले. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस मुख्यतः सणांच्या वाट्याला जातात. नियम गरजेचा आहे, आजारी माणसाला झोप हवीच. पण बंदिस्त, परवडणारं सभागृह नसेल तर नव्या बँडने वाजवायचं कुठे?

श्रोता काय करू शकतो?

आवडलेलं गाणं विकत घ्या. बँडकॅम्पवर डिजिटल अल्बम 100 रुपयांना घेतला, तर कंपनी 15 रुपये कापते. पेमेंटचं शुल्क वजा जाता बाकी रक्कम बँडला मिळते. दुसऱ्या अल्बमचा खर्च अशाच रकमांतून उभा राहतो.