घाम भीतीचा, घाम चालण्याचा

चारचौघांत बोलायची वेळ आली की छातीत धडधडतं, तळहात ओले होतात, श्वास अपुरा पडतो. भरभर जिना चढल्यावरही जवळजवळ हेच होतं. फक्त तेव्हा आपण घाबरत नाही. व्यायामाचा मोठा उपयोग मला इथेच दिसतो. रोज धाप लागली की हळूहळू उमगतं, धडधड म्हणजे संकट नव्हे, ती आपोआप ओसरते. शिवाय झोपही सुधारते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. सुरुवात एकट्याने करा; मग मैदानावरच्या ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून नुसतं हसा. तेवढंही पुष्कळ आहे. मात्र भीतीपायी कॉलेज, नोकरी सुटत असेल, तर केवळ चालण्यावर विसंबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.