चार सेकंदांची तोफ

मराठी शिकवणाऱ्या माणसाने लढाऊ विमानांवर लिहावे, हे आमच्या सोलापुरात कुणाला खरे वाटणार नाही. पण २०२५ च्या भाऊबिजेला ताई आणि दाजी नाशिकहून आले आणि विषय आपणहून घरी चालत आला.

दाजींची सारी नोकरी ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात, मिग विमाने जोडण्यात नि दुरुस्त करण्यात गेली. महिन्यापूर्वीच, २६ सप्टेंबरला, चंदीगडला मिग-२१ ला निरोप देण्यात आला होता. घरातले माणूस गेल्यावर त्याच्या खोड्या आठवाव्यात, तसे दाजी फराळाचे ताट पुढ्यात घेऊन त्या विमानाबद्दल बोलत होते.

अंगणात पोरांनी बाटलीत रॉकेट लावले. ते सुटले ते वाकडे होऊन थेट शेजारच्या गच्चीवर! शेजारच्या वहिनी जे बोलल्या ते इथे छापण्याजोगे नाही. दाजी मात्र खूश.

"पासष्ट साली हेच झाले होते!" ते म्हणाले.

झाले होते ते असे. विमानावरून विमानावर सोडायची क्षेपणास्त्रे निघाली, तेव्हा मोठमोठ्या जाणकारांचे मत पडले की, तोफेचे दिवस संपले. शत्रू जवळ येण्याआधीच क्षेपणास्त्र त्याचा निकाल लावील! अमेरिकेने फँटम विमान तोफेवाचून बांधले. रशियाने मिग-२१ च्या काही आवृत्त्यांतून तोफ काढून टाकली. ४ सप्टेंबर १९६५ रोजी अशाच एका मिगमधून विंग कमांडर वोलेन यांनी एका पाकिस्तानी सेबरवर दोन क्षेपणास्त्रे सोडली. दोन्ही चुकली. सेबर समोर, आणि विमानात तिसरे काहीच नाही! त्याच युद्धात आपली चिमुकली नॅट विमाने निव्वळ तोफांच्या बळावर सेबर पाडीत होती. (हेच वोलेन पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे अध्यक्ष झाले.)

"पण दाजी, क्षेपणास्त्र जवळच्याला का लागू नये?"

"त्याला सुटल्यावर रोख धरायला, आतला सुरुंग जागा व्हायला काही अंतर लागते. तोफेच्या गोळ्याला काही शिकवावे लागत नाही. आणि त्याला कुणी फसवूही शकत नाही."

उष्णतेच्या मागे धावणारे क्षेपणास्त्र सूर्याला भुलते, शत्रूने सोडलेल्या जळत्या नळकांड्यांना भुलते. गोळा भुलत नाही.

मग मिगला तोफ परत आली. जादा इंधनाची टाकी पोटाखाली जिथे लटकायची, तिथेच २३ मिलीमीटरची दुनळी तोफ बसवली. म्हणजे तोफ हवी तर टाकी सोडा! १२ डिसेंबर १९७१ रोजी जामनगरहून उडालेले फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी कच्छच्या आखातावर एका स्टारफायटरच्या मागे लागले आणि ते त्यांनी याच तोफेने पाडले. पुढच्या आवृत्त्यांत तोफ विमानाच्या अंगातच बसवली गेली.

गोळे किती? दोनशे. तोफेचा वेग मिनिटाला तीन हजारांच्या वर. म्हणजे घोडा दाबून धरला तर चार सेकंदांत कोठा रिकामा! तेव्हा वैमानिकाने अर्धा-पाऊण सेकंदाच्या हप्त्यांनी ती खर्चायची. हिशेब ऐकून ताईने दाजींकडे असे पाहिले, की घरखर्चातही एवढी काटकसर दाखवली असतीत तर!

माझ्या भाच्याला हे सारे जुनाट वाटते. २०२५ च्या मे महिन्यात दोन्हीकडची विमाने एकमेकांच्या नजरेलाही पडली नाहीत, मग हे ओझे कशाला, असे तो म्हणतो. त्याचे अगदीच चूक नाही. अमेरिकेच्या एफ-३५ च्या तीनपैकी दोन आवृत्त्यांत तोफ अंगात नाहीच. लागली तर पोटाखाली अडकवायची. पण शांततेच्या काळात हद्द ओलांडून आलेल्या विमानाला नुसते बजावायचे असेल तर? क्षेपणास्त्राने धाक घालता येत नाही. ते सोडले की माणूस गेलाच. तोफेचे चार गोळे त्याच्या नाकासमोरून सोडता येतात. मला तरी हे कारण पुरेसे वाटते.

त्या दिवाळीच्या तोंडावर, १७ ऑक्टोबरला, ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क १ ए आकाशात गेले. दाजींनी ते दूरदर्शनवर पाहिले होते.

"त्यालाही तीच," ते चकली मोडत म्हणाले, "तेवीसची दुनळी."